अट्टूची शेवटची रात्र आणि ‘ग्योकुसाई’ हा शब्द

धागाकर्ता: उंबरठा

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं, ‘जपानी सैनिक मरायला टपलेलेच असायचे. बान्झाई ओरडत मशीनगनवर धावून जायचे. शेवटी सामुराई रक्त!’ तिथे दोन ओळी लिहायला बसलो आणि आवरेना. म्हणून हा वेगळा धागा.

सुरुवात अट्टूपासून करतो. अलास्काच्या टोकापासून रशियाच्या दिशेने बेटांची जी लांब शेपटी जाते, तिच्या शेवटाला हे बेट आहे. झाड नावाला नाही, धुकं कायमचं, आणि जमीन भिजलेल्या गादीसारखी, पाय टाकला की आत. जून १९४२ मध्ये जपानने ते घेतलं. ११ मे १९४३ ला अमेरिकन सैन्य परत घ्यायला उतरलं. जपानी बाजूला कर्नल यामासाकी यासुयो आणि अडीच हजारांच्या आसपास माणसं. आरमार मदतीला येणार नव्हतं, रसद संपत आली होती. अमेरिकनांचेही हाल कमी नव्हते. चामडी बूट घालून ते त्या चिखलात उतरले आणि गोळ्यांनी जायबंदी झाले जवळपास तितकेच जण थंडीने पाय सुजून, सडून कामातून गेले.

२९ मेच्या पहाटेआधी यामासाकी उरलेल्या माणसांना घेऊन अंधारात, धुक्यात निघाला. ते अमेरिकन फळी फोडून थेट मागच्या भागात घुसले, वाटेतली ठाणी आणि तंबूतले जखमी कापत गेले. एका टेकाडावर इंजिनिअर तुकडी होती. रस्ते बांधणारी माणसं, आचारी, ड्रायव्हर, हाताला जी बंदूक लागली ती घेऊन तिथे उभे राहिले. पुढे त्या टेकाडाचं नावच इंजिनिअर हिल पडलं. धावा तिथे अडला.

नंतर जे झालं ते वाचताना मी थांबलो होतो. जपानी हातबॉम्बची खीळ काढली तरी तो लगेच पेटत नसे. त्याचं टोक हेल्मेटवर किंवा दगडावर आपटावं लागायचं, मग चार-पाच सेकंद. उरलेल्यांपैकी शेकडो जणांनी बॉम्ब असा आपटला आणि छातीशी धरला. अमेरिकनांनी २,३५१ प्रेतं पुरली. जिवंत हाती लागले २८. त्यांचे स्वतःचे मेले ५४९.

आता ‘मरायला टपलेले’ याबद्दल. यामासाकीचा बेत नुसता मरण्याचा नव्हता. अमेरिकन तोफा काबीज करायच्या, त्या त्यांच्यावरच फिरवायच्या आणि रसदीच्या साठ्यापर्यंत पोचायचं, असा तो होता. शक्यता रुपयात आणा असेल, पण बेत होता. आणि त्याच छावणीत डॉ. तात्सुगुची नोबुओ होते. कॅलिफोर्नियात वैद्यकी शिकलेले, श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांची डायरी अमेरिकनांना सापडली. शेवटची नोंद त्याच दिवसाची आहे. इस्पितळातल्या रुग्णांना मरण पत्करायला लावलं, आपलं वय अवघं ३३, आणि मग बायकोचा, मुलींचा निरोप. धाकटी मुलगी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ह्या माणसात कुठलं सामुराई रक्त शोधायचं?

३० मेला टोकियोतल्या शाही मुख्यालयाने निवेदन काढलं. ‘अट्टू पडलं’ असं त्यात नव्हतं. अट्टूच्या फौजेची ‘ग्योकुसाई’ झाली, असं होतं. ग्योकु म्हणजे रत्न, साई म्हणजे फुटून चुरा होणं. पराभवाच्या बातमीत हा शब्द सरकारने पहिल्यांदा वापरला तो इथे. मदत का पाठवली नाही हा प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडला गेला. पुढे पॅसिफिकमधली तारावा, सायपान, ग्वाम ही बेटं, तिथेही तोच शब्द.

मला म्हणायचंय ते एवढंच, की हा धावा रक्तातून आला नाही, शिकवणीतून आला. १९०४ साली रशियाशी युद्ध झालं, तेव्हा पोर्ट आर्थरच्या वेढ्यात जपानच्या जनरल नोगीने ऑगस्टमध्ये सरळ छातीठोक हल्ले केले आणि आठवड्याच्या आत पंधरा हजारांच्या आसपास माणसं मारून-जायबंदी करून घेतली. किल्ला पडला कशाने? किनाऱ्यावरून उचलून आणलेल्या २८ सेंटिमीटरच्या अजस्र तोफांनी, आणि बोगदे, चर खणून. पण १९०९ च्या पायदळाच्या नियमपुस्तिकेत श्रेय गेलं हल्ल्याच्या जिद्दीला आणि संगिनीला. कारणही साधं आहे. तोफा, दारूगोळा, पोलाद याला पैसा लागतो, जिद्द फुकट मिळते. पुढे चीनमध्ये मशीनगन कमी असलेल्या फौजांसमोर हा धावा चालूनही गेला, आणि धडा पक्का झाला. १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहानला रशियन रणगाड्यांनी चोपलं, तरी तो खोडला गेला नाही.

शरण न जाण्याचंही तेच. रशिया-जपान युद्धात सुमारे दोन हजार जपानी कैद झाले होते आणि युद्ध संपल्यावर घरी परतले होते. ‘कैदेची नामुष्की भोगण्यापेक्षा जगू नका’ ही आज्ञा तोजो युद्धमंत्री असताना, जानेवारी १९४१ मध्ये छापून सैनिकांच्या हातात पडली. म्हणजे अट्टूच्या आधी जेमतेम अडीच वर्षं.

(टंकनदोष सांगा, मोबाइलवरून लिहिलंय.)

---

कढीलिंब
पहिला! लेख आवडला, वाचनखूण साठवली. ती हातबॉम्बची माहिती मात्र जेवताना वाचायला नको होती.

---

चौकटराजा_नवा
लेख चांगला आहे, पण झुकलेला वाटला. मरण समोर दिसत असताना धावत जाणं ही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नाही. पुस्तिका वाचून कुणी मरत नाही. आपल्याकडे नेसरीला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानावर गेले, त्याला आपण शिकवणीचा परिणाम म्हणतो का?

---

उंबरठा
@चौकटराजा, हिंमत मी नाकारलीच नाही. पण प्रतापराव स्वतःच्या मनाने, स्वतःच्या डोक्यातल्या सलापायी गेले. अट्टूला इस्पितळातल्या माणसाला विचारलं कुणी? नेसरीचा वेगळा धागा काढा, मी येतो. इथे तो विषय सुरू झाला की दोनशे प्रतिसाद होतील आणि जपान राहील बाजूला.

---

योकोहामाकर
अकरा वर्षं इथे आहे, म्हणून शब्दांबद्दल थोडं.

‘ग्योकुसाई’ मूळचा चिनी. उत्तर छी राजवटीच्या इतिहासात वचन आहे, की खऱ्या माणसाने फुटलेलं रत्न व्हावं, अखंड राहिलेलं कौल होऊ नये. कौल म्हणजे छपरावरचंच. म्हणजे जो जिवंत राहिला तो कौल! ज्याने कुणी मुख्यालयात बसून हा शब्द निवडला तो भाषेचा जाणकार होता, एवढं मानावं लागेल.

‘बान्झाई’चं मात्र गंमतशीर आहे. अर्थ दहा हजार वर्षं, आपल्या ‘चिरायू होवो’सारखा. तो युद्धाचा शब्द नाहीच. आजही निवडणूक जिंकली की उमेदवार कार्यालयात तीनदा हात वर करून बान्झाई करतो. आमच्या ऑफिसात एकाची बदली झाली तेव्हा निरोपाच्या जेवणात साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. मी नवा होतो, हात वर करताना पोटात गोळा आला. शेजारचा सहकारी कानात म्हणाला, दोन्ही तळवे आतल्या बाजूला ठेव, बाहेर केलेस तर शरण आल्यासारखं दिसतं. तो विनोद होता की खरा रिवाज हे अजून कळलेलं नाही.

आणि एक. त्या मुख्यालयाच्या निवेदनांना ‘दाइहोनएई हाप्प्यो’ म्हणत. आज रोजच्या जपानीत त्याचा अर्थ आहे सरकारी थाप. कंपनीने तोटा झाकून पत्रक काढलं तरी लोक हाच शब्द वापरतात.

---

दंतकथा
मी पेशाने दाताची डॉक्टर, त्यामुळे सायपान म्हटलं की मला एकच माणूस आठवतो. ७ जुलै १९४४. आदल्या दिवशी जनरल साइतोने आत्महत्या केलेली. नागुमोनेही त्याच सुमारास स्वतःला संपवलं, हाच तो पर्ल हार्बरवर आरमार घेऊन गेलेला. म्हणजे ज्यांनी हुकूम दिला ते धाव्यात नव्हतेच. पहाटे पाचच्या आधी तीन हजारांहून जास्त माणसं तानापागच्या सपाटीवर लोटली. बंदुका सगळ्यांकडे नव्हत्या. काठीला संगीन बांधलेली, बांबूचे भाले, आणि मागे कुबड्यांवरचे, बँडेज बांधलेले जखमी. समोरच्या अमेरिकन १०५ व्या रेजिमेंटच्या दोन बटालियन चिरडल्या गेल्या, नऊशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली.

तिथे कॅप्टन बेन सॉलोमन दंतवैद्य होता. बटालियनचा सर्जन जखमी झाला म्हणून हा बदली. जपानी तंबूच्या कापडाखालून आत शिरायला लागले. त्याने जखमींना मागे जायला सांगितलं आणि स्वतः मशीनगनवर बसला. नंतर तो सापडला तेव्हा अंगावर ७६ जखमा, समोर ९८ प्रेतं. पदक मिळालं २००२ मध्ये, कारण वैद्यकीय माणसाने मशीनगन चालवणं नियमात बसतं का, यावर घोडं अडलं होतं. आमच्या व्यवसायात शूर लोक नसतात असं समजू नये, फक्त ड्रिलची भीती दाखवतो असं नाही. ;)

---

कढीलिंब
@दंतकथा ताई, रूट कॅनल पुढे ढकलतोय. आता तर नक्कीच.

---

जुना_मोर्चा
मराठा लाइट इन्फंट्रीत बावीस वर्षं काढली, त्यामुळे दोन गोष्टी लिहितो. भाषा सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट धाव्याची. संगीनहल्ला आम्हीही शिकलो, बेळगावच्या मैदानावर गवताच्या पुतळ्यांत संगीन खुपसून घसा बसेपर्यंत ओरडलो. ओरडणं ही वेडेपणाची खूण नव्हे. पाय पुढे पडावेत म्हणून ओरडायचं असतं. पण धावा हा शेवटचे पन्नास-साठ यार्ड असतो. त्याच्या आधी तोफखाना, मॉर्टर आणि बगलेवरची मशीनगन शत्रूचं डोकं खाली दाबून ठेवते. ती दाबणारी आग नसेल तर दोन मशीनगन एकमेकींच्या मारा छेदतील अशा लावून ठेवल्या, की माणूस कितीही शूर असो, त्या फुलीतून पार होत नाही. शौर्याचा संबंधच नाही तिथे, हिशेब आहे.

ग्वाडलकनाल बेटावर जपानी कर्नल इचिकीचं नेमकं हेच झालं, ऑगस्ट १९४२. समोर दोनेक हजार अमेरिकन असतील असं धरून गेला, होते अकरा हजारांच्या आसपास. मागची तुकडी यायची होती, थांबला नाही. रात्री खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावरून माणसं पुढे काढली. पलीकडे मशीनगन आणि छर्ऱ्याचे गोळे भरलेल्या ३७ मिलिमीटर तोफा. नऊशेतले आठशेच्या आसपास सकाळी वाळूत पडलेले.

दुसरी गोष्ट घरची आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते. सांगशाक. मणिपूरमध्ये उखरूलकडे जाताना लागतं. मार्च १९४४ मध्ये तिथे ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती, आणि तिच्यासोबत आमची ४/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठाची चौथी बटालियन. समोर जनरल मियाझाकीची माणसं, ५८ वी रेजिमेंट, कोहिमाला निघालेली. खरं तर सांगशाक त्याच्या वाट्याचा भागच नव्हता, शेजारच्या डिव्हिजनचा होता. पण वाटेत दिसलं म्हणून घ्यायला गेला. २२ मार्चला संध्याकाळी त्याची आघाडीची बटालियन पोचली आणि तोफांची वाट न बघता तशीच चढली. व्हायचं तेच झालं.

आपल्या बाजूचं सांगतो. काटेरी तार नव्हती. मोर्चे खणायला गेले तर दोन-तीन फुटांवर कातळ. पाणी संपलेलं. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हद्दीत पडायची. मेलेली खेचरं आणि माणसं पुरायला जागा नाही. रोज रात्री हल्ला. शेवटच्या दिवशी टेकडीवरच्या चर्चसाठी हातघाई झाली, ते या हातातून त्या हातात गेलं. २६ मार्चच्या रात्री इम्फाळहून हुकूम आला आणि उरलेले अंधारातून निघाले. जागा गेली. पण मियाझाकीचे जे दिवस तिथे गेले ते कोहिमाच्या मोर्चेबांधणीला मिळाले.

त्या भागात ड्यूटी असताना एकदा सांगशाकला वर गेलो होतो. टेकडी एवढी लहान, की एवढी माणसं इथे मावली कुठे असं वाटलं.

---

सुमेधा_लिहिते
सुभेदारसाहेब (हुद्दा चुकला असेल तर माफ करा), हे वेगळं लिहाच. शाळेत आम्हाला दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर आणि अणुबॉम्ब, संपलं.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. हे हल्ले फसतात हे त्यांच्या सेनापतींना कळत नव्हतं का? इतकी माणसं गमावून?

---

उंबरठा
@जुना_मोर्चा, दंडवत. इचिकीबद्दल एक भर. १९३७ मध्ये मार्को पोलो पुलाच्या चकमकीत, जिथून चीनचं युद्ध पेटलं, तिथे हाच बटालियन कमांडर होता. चीनमध्ये जे चाललं तेच ग्वाडलकनालला चालेल असं त्याने धरलं. मी शिकवण म्हणतो ती ही.

@सुमेधा, काहींना कळलं होतं, आणि तीच सगळ्यात अस्वस्थ करणारी बाजू आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये पेलेलिउ बेटावर कर्नल नाकागावाने धावे बंद करून माणसं गुहांत बसवली. अमेरिकन जनरलने चार दिवसांत आटपेल म्हटलं होतं, लागले दोन महिन्यांहून जास्त. मग इवो जिमा. तिथला सेनापती कुरिबायाशी अमेरिकेत राहून आलेला, तिथले कारखाने डोळ्यांनी पाहिलेला. त्याने बान्झाई हल्ल्याला सरळ मनाई केली. बोगदे खणा, जागेवरून हलू नका. परिणाम? अमेरिकेचे ६,८०० च्या आसपास मेले, आणि जखमी धरून त्यांचं नुकसान जपान्यांपेक्षा जास्त भरलं. अगदी शेवटी, २६ मार्च १९४५ ला, तीनशेच्या आसपास माणसं विमानतळाजवळच्या छावणीवर गेली, पण तोंडातून आवाज न काढता. झोपलेले वैमानिक मारले गेले.

म्हणजे धावा थांबवणारा सेनापती शत्रूला कितीतरी महाग पडला. आणि तरीही ओकिनावाला मे १९४५ मध्ये लेफ्टनंट जनरल चो इसामूने हट्ट धरून पुन्हा उघड्यावर प्रतिहल्ला करायला लावला. कर्नल याहारा विरोध करत होता. हजारो माणसं गेल्यावर तिथला सेनापती उशिजिमाने याहाराला बोलावून तुझं बरोबर होतं म्हणून सांगितलं.

---

चौकटराजा_नवा
मुद्दा पोचला. पण मग कुरिबायाशीला तुम्ही चांगलं म्हणताय का? त्याचीही सगळी मेलीच की.

---

उंबरठा
नाही म्हणत. एकवीस हजारांतले दोनशेच्या आसपास कैदी झाले, बाकी जवळजवळ सगळे गेले. धावा बंद झाला, ‘शरण जाऊ नका’ बंद झालं नाही. मी वर या दोन गोष्टी एकात एक मिसळल्या, ते तुमच्या प्रश्नामुळे लक्षात आलं.

---

योकोहामाकर
चित्रकथाकार मिझुकी शिगेरू यांचं नाव घ्यायलाच हवं. भुतांच्या गोष्टींमुळे इथे पोराटोरांना ठाऊक. न्यू ब्रिटन बेटावर साधा शिपाई होता. त्याच्या चौकीवर हल्ला झाला, बाकीचे मेले, हा एकटा जंगलातून कसाबसा मुक्कामी पोचला. वरिष्ठांनी विचारलं, सगळे मेले, मग तू पळून का आलास? बंदूक कुठे टाकलीस? पुढे बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला, आणि त्याने जन्मभर उजव्या हाताने चित्रं काढली. त्याच्या बाजूच्याच एका तुकडीची ग्योकुसाई झाल्याचं वर कळवलं गेलं होतं, आणि नंतर लक्षात आलं, की त्यातले काही जिवंत आहेत. आता पंचाईत! जाहीर तर होऊन बसलंय. त्यांना पुन्हा मरायला पाठवलं.

---

दंतकथा
बाप रे. म्हणजे कागद चुकू नये म्हणून?

---

योकोहामाकर
हो, कागदासाठीच.

---

कढीलिंब
सायपानवरचा एक कॅप्टन डोंगरात लपून राहिला होता ना? त्याचं काय?

---

उंबरठा
कॅप्टन ओबा साकाए. ७ जुलैच्या धाव्यात होता, वाचला. माणसं आणि काही नागरिक घेऊन डोंगरात शिरला. खाली त्याच बेटाच्या उत्तर टोकाच्या कड्यांवरून बायका-मुलांसह लोक समुद्रात उड्या टाकत होते, त्याबद्दल लिहायची आज ताकद नाही. जपानने हत्यार टाकल्यावरही तो उतरला नाही. जपानी बाजूनेच रीतसर हुकूम आला तेव्हा, १ डिसेंबर १९४५ ला, ४६ माणसांसह गाणी म्हणत शिस्तीत खाली आला आणि तलवार दिली. सायपान हरल्याच्या धक्क्याने तोजोचं सरकार त्याआधी सोळा महिने कोसळलं होतं.

---

सुमेधा_लिहिते
अट्टूला जे २८ जण जिवंत सापडले, त्यांच्या घरी कळलं का? सरकारने तर सगळे रत्न झाले म्हणून जाहीर केलं होतं.

---

उंबरठा
त्या काळच्या जपानी युद्धकैद्यांचं सर्वसाधारण चित्र सांगतो. अमेरिकन छावण्यांत बरेच जण नाव विचारलं की खोटं सांगत. रेडक्रॉसमार्फत घरी पत्र धाडायची सोय होती, ती नको म्हणत. गावात आपल्यासाठी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लाकडी पेटी येऊन गेली असणार, हे त्यांना ठाऊक असायचं. अशा कितीतरी पेट्यांत अस्थी नसायच्याच, नावाची एक चिठ्ठी असायची, नाहीतर त्या बेटावरचा म्हणून एखादा खडा. ती पेटी घरात पूजेला लागलेली, आईबापाला लोक मान देतायत, आणि इकडे मुलगा छावणीत भात खातोय.

---

जुना_मोर्चा
सुमेधाताई, हुद्दा बरोबर आहे. सांगशाकचं लिहून ठेवतो, सवड काढून. नातीला टायपिंगला बसवावं लागेल.